कालच्या जेवणाचं भांडण

गहू अर्धे निवडून झाले होते. निवडलेले परातीत, निवडायचे सुपात आणि एक खडा माझ्या दोन बोटांत. तेवढ्यात जानराव म्हणाले, "हात तसाच ठेव." मी ठेवला. खडा टाकायचीही सोय नव्हती. एकोणीस वर्षं झाली, आमच्या घरातलं काम असं मधेच थांबतं आणि त्याचं चित्र होतं. चित्र पूर्ण होतं. कामाचं काही सांगता येत नाही.

जानराव म्हणजे माझे यजमान. दुसरबीडच्या बाहेर त्यांना 'कडूबावाले' म्हणतात. खामगावहून 'पूर्णाकाठ' नावाचं दैनिक निघतं, त्याच्या चौथ्या पानावर खाली डावीकडे रोज चार चौकटी येतात. वर लिहिलेलं असतं, 'कडूबाचं घर'. टकल्या कडूबा, त्याची बायको सरस्वती आणि कडूबाची म्हातारी आई. तिघं जेवायला बसतात आणि दोघी बोलतात. चौथ्या चौकटीत कडूबा गप्प बसून भाकर मोडतो. एवढंच असतं. एवढंच आजवर सहा हजारांवर वेळा छापून आलं आहे.

नावं बदलली म्हणजे कोणाला काही कळणार नाही, असं त्यांना वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी भाजीवाली मला म्हणाली, "सरस्वतीबाई, मेथी घ्या."

माझे सासरे वांगी-मिरचीचा मळा करायचे. जानरावांना वाफे सरळ पाडता येत नव्हते, पण अक्षर सरळ येत होतं. म्हणून ते पाट्या रंगवायला लागले. आमचं गाव मोठ्या रस्त्यावरचं, जेवढी दुकानं तेवढ्या पाट्या. टायरवाला, दाताचा डॉक्टर, रसवंती. रसवंतीच्या पाटीवर त्यांनी बैल काढला तर तो बैल मालकासारखा दिसायला लागला. मालकाला ते पटलं नाही. गिऱ्हाइकांना पटलं.

मग पिठाच्या गिरणीची पाटी आली. तिच्यावर त्यांनी डोक्यावर डबा घेतलेली एक बाई काढली. ती गिरणीवाल्याला काहीतरी सांगते आहे आणि गिरणीवाला कानात बोट घालून उभा आहे. 'पूर्णाकाठ'चे त्या वेळचे संपादक रामराव त्या पाटीखाली एस.टी.ची वाट बघत उभे होते. गाडी दोन तास आली नाही. दोन तास तीच पाटी बघून त्यांनी रंगाऱ्याचं घर विचारलं.

"असं रोज काढता येईल का? चार चौकटींत?"

"रोज भांडण?"

"रोज."

"घरी इचारून सांगतो," जानराव म्हणाले.

घरी येऊन विचारलं. मी म्हटलं, आपल्या घरात कुठं रोज भांडणं होतात. सासूबाई आतून म्हणाल्या, "पहा, आताच खोटं बोलली." ती पहिल्या दिवशीची चौकट.

सासूबाईंचं नाव झुंबरबाई. वय चौऱ्याऐंशी. वाचता येत नाही. पेपरचा गठ्ठा एस.टी.नं नऊ वाजता येतो, तेव्हा त्या चौथं पान काढून घेतात आणि चौकटींवरून बोट फिरवत बघतात. इतक्या वर्षांत त्यांनी तक्रार एकच केली, दातांची. "मले दात नाहीत हे साऱ्या जिल्ह्याले काऊन सांगून राह्यला बे?" एका दिवाळीपासून चित्रातल्या आजीला बत्तीस दात आले. मागच्या संक्रांतीला तिनं पेपरात ऊस खाल्ला. सासूबाईंनी ते पान घडी करून उशीखाली ठेवलं आहे.

जानरावांनी आजपर्यंत एकही विनोद स्वतः केलेला नाही. लोकांना हे खरं वाटत नाही. ते फक्त ऐकतात. माझी आणि सासूबाईंची दिवसभर गाठ पडत नाही. पेपर बघून झाला की त्या अकरापर्यंत देवळात, मग शेजारच्या कौशल्याबाईंच्या ओट्यावर. मी पूजा, स्वयंपाक, पोथी, आणि दुपारी ही वही. तोंडाला तोंड लागतं ते जेवताना, दोन वेळा. जानराव कानावर पेन्सिल ठेवून पाटावर बसतात. पहिली भाकर ऐकण्यात जाते. दुसऱ्या भाकरीला त्यांची मिशी हलते. भात वाढला की पेन्सिल कानावरून खाली येते. उदाहरणासाठी एका मंगळवारचं लिहून ठेवलं आहे ते देते.

"मीठ कमी हाये."

"तुमच्या हाताजवळच बरणी आहे."

"बरणी जवळ हाये म्हणून मीठ कमी टाकतात का?"

"जास्त पडलं तर काढता येत नाही. कमी पडलं तर घालता येतं."

"मंग सैपाकच नको करू. सारंच घालता येईल."

यावर कडूबानं भाकर मोडली. त्या आठवड्यात तीन अनोळखी बायांनी मला बाजारात विचारलं की ती मिठाची बरणी कुठून घेतली.

पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. जानरावांचे ब्रश एका डालड्याच्या डब्यात उभे आहेत, तसेच वाळले. राहिल्या त्या चार चौकटी. सकाळी उठल्यावर माणसाला करायला काहीतरी लागतं, ते त्यांच्याजवळ आता एवढंच आहे. एस.टी.त कंडक्टर त्यांच्यासाठी जागा करतो. "सरका, कडूबा आले." हे सांगताना जानराव दुसरीकडे बघतात, पण सांगतात.

यंदा ज्येष्ठात रामराव थकून घरी बसले आणि पेपर त्यांच्या नातवाच्या हातात आला. त्याचं नाव ऋत्विक. मुलगा गोड बोलतो. त्यानं फोन केला. "काका, चौथ्या पानावर आकड्यांचं कोडं टाकायचा विचार आहे. तुमच्या चौकटी ठेवायच्या की नाही ते आठवडाभरात सांगतो." जानराव "बरं" म्हणाले. त्या दिवशी ते एका भाकरीवर उठले. दुसऱ्या दिवशीही. चौतीस वर्षांत ह्यांना एका भाकरीवर उठताना मी फक्त तापात पाहिलं होतं.

गुरुवारी पूजेला बसले तेव्हा मी शेगावच्या महाराजांच्या फोटोला म्हटलं, यांच्या चौकटी राहू द्या. मग त्याच्या बदल्यात काय द्यायचं ते बघायला लागले. कांदा-लसूण मी चातुर्मासात दरवर्षीच सोडते, वांगंही सोडते. जे सोपं तेच पुन्हा सोडलं तर महाराजांना कळणार नाही असं थोडंच आहे. जड काय आहे ते शोधलं. सासूबाई जेवताना बोलल्या आणि मी उत्तर दिलं नाही, याच्याहून जड मला काही सापडलं नाही. म्हणून चार महिन्यांचं मौनभोजन बोलले. हात धुऊन पाटावर बसल्यापासून उठेपर्यंत एक शब्द नाही. नवस सांगितला की फळत नाही असं आमच्या माहेरी मानतात. तेव्हा जानरावांना सांगितलं ते एवढंच, की चातुर्मासाचं मौन आहे. कशासाठी ते सांगितलं नाही.

शनिवारी ऋत्विकचा फोन आला. चौकटी सध्या राहतील. रविवारी एकादशीचा उपास झाला. सोमवारी मी मौन धरून पानावर बसले.

यात चूक कुठं झाली ते वाचणाऱ्याच्या आतापर्यंत लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला सतरा दिवस लागले.

पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मीठ कमी हाये." मी घास घेतला. त्या जरा थांबल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मीठ कमी हाये म्हणते मी." मी दुसरा घास घेतला. मग त्यांनी जानरावांकडे पाहिलं.

"हिले काय झालं?"

"मौन आहे माय तिचं."

"कोणावर?"

"कोणावर नाही. देवासाठी."

"देवासाठी हाये तं मले काऊन शिक्षा?"

ती चौकट चांगली झाली. ती शेवटची. कारण सासूबाईंना नुसतं बोलता येत नाही, त्यांना उत्तर लागतं. चार दिवस त्यांनी डाळीवर, माझ्या माहेरावर आणि पाटाच्या एका पायावर बोलून पाहिलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "हिरीत दगड टाकला अन आवाजच नाही आला, असं होऊन राह्यलं." आणि त्याही गप्प झाल्या. आमच्या घरात ताट-वाटीचा आवाज असतो हे मला तेव्हा कळलं.

पेपरात तेच आलं. पहिल्या चौकटीत कडूबा जेवतो आहे. दुसरीत आजी जेवते आहे. तिसरीत सरस्वती जेवते आहे. चौथीत ताटं रिकामी आहेत. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त भाजी वेगळी.

कौशल्याबाई वाटीभर कढी घेऊन आल्या आणि कढी देऊन झाल्यावरही घरात बघत उभ्या राहिल्या. भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी तशीच दिली आणि म्हणाली, "सोसायचं बाई. घरोघरी असते." मी म्हटलं, काही झालेलं नाही. ती म्हणाली, "हाव, तसंच म्हणावं."

जानरावांनी मग स्वतः एक विनोद करून पाहिला. कडूबा केळीच्या सालीवरून घसरून पडतो. आमच्या घरात कोणी केळीच्या सालीवरून पडलेलं नाही. सासूबाईंनी त्या पानावरून बोट फिरवलं, कडूबाचे वर झालेले पाय बघितले आणि विचारलं, "हा कोण?" जानरावांनी पुन्हा तसं केलं नाही.

त्यांनी मला एकदाही मौन सोड म्हटलं नाही. जेवायला बसताना पेन्सिल कानावर असायची. हात धुवायला उठायचे तेव्हाही ती कानावरच असायची. सतराव्या दिवशी ती पेन्सिल बघूनच मला कळलं की मी काय मागितलं आणि काय देऊन बसले. चौकटी राहाव्यात म्हणून जे बोलले, त्यानंच चौकटी रिकाम्या झाल्या होत्या. मौन मोडावं तर नवस मोडतो. नवस मोडला तर ज्यासाठी बोलला ते राहत नाही. मौन ठेवावं तर तेही राहत नाही.

देवळात जाऊन पुजाऱ्यांना विचारलं. कारण सांगता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्याच बाईचं म्हणून सांगितलं.

"एका बाईनं मौनभोजन धरलं आणि त्यानं तिच्या घरच्यांचं अडलं, तर काय करावं?"

"स्वयंपाक तर करते ना ती बाई?"

"करते."

"मग काय अडतं?"

मी नारळ ठेवून परत आले.

पोळ्याला ऋत्विकचा पुन्हा फोन आला. "काका, लोक विचारतात की कडूबाच्या घरी काय झालं. घटस्थापनेला पेपर नव्या रूपात काढतोय. तोवर यांचं बोलणं सुरू झालं तर बघू, नाहीतर मग कोडं टाकतो." जानराव "बरं" म्हणाले. तेव्हा तर ते अर्ध्या भाकरीवर आले होते.

पोळ्यानंतर दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर गहू निवडत होते. सासूबाई त्या दिवशी देवळात गेल्या नाहीत. काठी टेकत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. त्या माझ्यासमोर पाटाशिवाय कधी बसल्या होत्या ते मला आठवत नाही.

"सुभद्रे, तुझं मौन जेवतानाच हाये ना?"

"हो."

"आता तू जेवून राह्यली का?"

"नाही."

"मंग ऐक. काल दोडक्यात मीठ कमी होतं."

मी सुपातले गहू एकदा पाखडले. "काल सांगायचं होतं."

"काल तू मुकी होती."

"बरणी तर तिथंच होती."

"त्या बरणीचं नावच नको काढू. माझं सारं म्हातारपण त्या बरणीकडं हात लांबवण्यात गेलं."

"सरकवून देऊ का जवळ?"

"नको. जवळ आली तं मंग तू मीठच टाकणार नाही."

मागं कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज आला. जानराव उंबरठ्यावर बसले होते. कधी येऊन बसले ते माहीत नाही. सासूबाईंनी तिकडे बघितलं नाही. माझ्याकडे वाकून हळू म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या मते हळू, "शनिवारी पेपरवाल्याचा फोन आला अन सोमवारी तू मुकी झाली. मले वाचता येत नाही, दिवस मोजता येतात. काऊन धरलं ते सांगू नको. म्या इचारलं नाही."

"मी सांगितलं नाही."

"हाव. आता सरक जराशी, मले ऊन लागून राह्यलं."

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आजी आणि सरस्वती गहू निवडत होत्या. चौथ्या चौकटीत आजी म्हणते, "म्या इचारलं नाही." शेजारी कडूबा बसला आहे. भाकर नव्हती म्हणून त्याच्या हातात एक खडा दिला आहे आणि तो त्या खड्याकडे बघतो आहे. मी ती चौकट दोनदा वाचली. वही उघडली, काही लिहिलं नाही, मिटली. दुपारी जेवताना जानरावांनी दुसऱ्या भाकरीसाठी ताट पुढं सरकवलं. मी वाढली.

तेव्हापासून असंच चाललं आहे. आज जे जेवायचं त्याचं भांडण उद्या सकाळी, गहू निवडताना. सासूबाईंना रात्रभर काही विसरायला होत नाही, उलट सकाळपर्यंत त्यात भर पडलेली असते. मीही काय बोलायचं ते दुपारी वहीत लिहून ठेवते, नाहीतर मौनातलं उत्तर पचत नाही. जानराव म्हणतात, ताज्यापेक्षा हे बरं मुरतं. अडचण एवढीच की बोलण्यात आणि हात तसाच ठेवण्यात गहू निम्मेच निवडले जातात. मग पोळीत कचकच लागते. ती जेवताना लागते, पण तिच्यावर बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, आणि त्या बोलण्यात त्या दिवशीचे गहू राहतात.

सुलतानपूरच्या एका वाचकानं एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ आमच्यासाठी नवी चाळणी पाठवली. चिठ्ठीत लिहिलं होतं, कडूबाच्या घरी द्यावी, त्यांचे गहू दोन आठवडे झाले निवडून होत नाहीत. चाळणी चांगली आहे. खुंटीला टांगून ठेवली आहे. वापरत नाही. चाळले तर निवडायला काय राहील.

तर आज सकाळी माझा हात हवेत होता, बोटांत खडा होता, आणि फोन वाजला. जानरावांच्या हातात पेन्सिल होती म्हणून त्यांनी फोन जमिनीवर ठेवला आणि आवाज मोठा केला. ऋत्विक होता.

"काका, परवा घटस्थापना. नवा अंक लावून झाला. चौथ्या पानावर कोडं टाकलंय."

जानरावांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, ती तिथंच राहिली. सासूबाईंनी काठी जवळ ओढली. मी हात खाली घेतला नाही, कारण घे म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

"कडूबा तिसऱ्यावर घेतला, वरच्या बाजूला," ऋत्विक म्हणाला. "जागा वाढवलीय. आजी जरा मोठी काढा. लोकांना आजी बघायची असते."

"बरं," जानराव म्हणाले.

"अन काका, ते गहू कधी संपणार?"

जानरावांनी माझ्याकडे बघितलं. मौन कार्तिकीला सुटतं. "कार्तिकीपर्यंत पुरतील," ते म्हणाले.

फोन बंद झाला. मग सासूबाई म्हणाल्या, "मोठी काढ म्हणते तो. नाक नको मोठं करू. दात कर." जानरावांनी मान हलवली आणि पेन्सिल पुन्हा चालायला लागली. मला म्हणाले, "टाक आता." मी खडा टाकला. सुपात पडला की परातीत, ते बघितलं नाही. उद्या सकाळी समजेल.

घट बसायच्या आत घरात पीठ पाहिजे, म्हणून निवडलेले आणि न निवडलेले गहू एकाच डब्यात भरले आहेत. चार वाजता लाइन येते, तेव्हा गिरणी सुरू होते. जानराव सायकलच्या कॅरिअरला डबा बांधत आहेत. ते आता गिरणीवर दळण टाकायला जाणार आहेत.